जिल्हा परिषदेच्या शाळेचे आकडे कसे वाचायचे: पट, प्रवर्ग आणि गुण

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेबद्दल गावात दोनच प्रश्न विचारले जातात: पट किती आणि निकाल कसा? पट घसरला की शाळा बिघडली आणि निकाल चढला की शाळा सुधारली, असं लगेच ठरवलंही जातं. बहुतेक वेळा ही घाई असते. शाळेच्या सरासरी गुणांवरून मुख्यतः दोन गोष्टी कळतात: वर्गात कोण बसलं आहे आणि मोजणी कोणत्या दिवशी झाली. शाळेने प्रत्यक्ष काय शिकवलं, हे पाहायचं तर तो आकडा फोडावा लागतो. त्यासाठी चौथीपर्यंतचं गणित पुरतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या कुठल्याही सदस्याला ते एका दुपारी जमेल.

सुरुवात यूडायस, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी मोजदादीतल्या, क्रमांकापासून करावी. हा अकरा अंकी क्रमांक शाळेच्या फलकावर किंवा दाखल्यावर सापडतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन गटाचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. नावावरून शोधू नका. एकाच तालुक्यात एकाच नावाच्या दोन-तीन वस्तीशाळा सर्रास असतात. 'नो युवर स्कूल' या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की शाळेची माहिती उघडते: इयत्तानिहाय पट, मुलं-मुली, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, वीज, पाणी. तिसरीतल्या मुलाला परिच्छेद वाचता येतो का, हे मात्र तिथे कुठेच नसतं. यूडायस ही मोजदाद आहे, परीक्षा नव्हे. 'यूडायसवर आमची शाळा चांगली दिसते' याचा अर्थ एवढाच, की भौतिक सुविधांचे रकाने भरलेले आहेत.

या मोजदादीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर असते. बीड, जालना, अहिल्यानगरच्या ऊसतोड पट्ट्यात या तारखेला फार महत्त्व आहे. टोळ्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे ३० सप्टेंबरला वर्गात ३२ मुलं असतील, तर पटावर ३२ लागतात आणि ते खरंच असतं. डिसेंबरात त्याच वर्गात १९ मुलं बसलेली दिसली, तर तेही खरंच. पहिल्या आकड्यावर शिक्षकांची पदं ठरतात, दुसऱ्यावर प्रत्यक्ष शिकणं अवलंबून असतं. हंगामी वसतिगृह सुरू झालं, तर आई-बापामागे काही मुलं गावातच राहतात. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड दिलं, तर कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेता येतं. स्थलांतराच्या गावात निकालावर बोलण्याआधी एवढंच विचारावं: किती मुलं बाहेर गेली, त्यांतल्या किती जणांकडे कार्ड होतं आणि किती मुलं वसतिगृहात राहिली?

पटाचे खरं तर तीन आकडे असतात आणि ते तीन वह्यांत सापडतात. जनरल रजिस्टरवर नाव चढलेली मुलं हा पहिला. कॅटलॉगवरची रोजची हजेरी हा दुसरा. तिसरा शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत असतो: त्या दिवशी किती मुलं जेवली. पहिली ते पाचवीसाठी दर मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम, हे प्रमाण ठरलेलं आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत ४० मुलं जेवली, तर ४ किलो तांदूळ लागायला हवा. महिनाभराचा शिल्लक तांदूळ आणि ताटांची संख्या जुळवून पाहिली की हजेरीचा अंदाज बराच पक्का होतो. सरासरी उपस्थिती काढताना महिन्यातल्या रोजच्या हजेरीची बेरीज करून कामाच्या दिवसांनी भागावी. 'आज किती आली?' एवढंच विचारून उपयोग नाही, कारण बाजारच्या दिवशीची आणि १५ ऑगस्टची हजेरी सारखी नसते.

पट फुगवण्याचा इतिहास राज्याला नवा नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली होती. कागदावरची लाखो मुलं तेव्हा वर्गात सापडली नव्हती. आता मुलांची नोंद नावानिशी होते आणि आधार पडताळणी केली जाते. त्यामुळे बनावट नावं टाकणं अवघड झालं, पण एक नवी अडचण उभी राहिली. आधारवर 'सोनाली' आणि शाळेत 'सोनल', किंवा जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असला की नोंद जुळत नाही. मूल रोज शाळेत येतं, पण पडताळणीत अडकतं. पट अचानक तीन-चारने घसरलेला दिसला, तर आधी अशी न जुळलेली नावं किती, हे मुख्याध्यापकांना विचारा.

पटाचा शिक्षकसंख्येशी थेट संबंध आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ ते २०० ला पाच. १५० च्या वर गेल्यास मुख्याध्यापक वेगळे. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या, निकषांत आपले बदल केले. त्यावर बरेच वादही झाले. म्हणून आपल्या शाळेची चालू संचमान्यता गटशिक्षणाधिकारी कार्यालयातूनच पाहावी. ५८ ते ६३ च्या दरम्यान लटकलेला पट कधीच नुसता आकडा नसतो. तिथे दोन मुलांनी दाखला नेला, तर शिक्षक 'अतिरिक्त' ठरून समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत, जाऊ शकतो. जून महिन्यात गुरुजी दारोदार का फिरतात, हे यावरून समजावं.

द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांत वाटलेले असतात. एक शिक्षक तिसरीला भागाकार सांगतो तेव्हा चौथी स्वाध्याय करत बसते. त्यातच एक जण प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाकडे येतात. अशा शाळेच्या निकालाची तुलना वर्गाला स्वतंत्र शिक्षक असलेल्या केंद्रशाळेशी करण्यात काहीच हशील नाही.

आता प्रवर्ग. यूडायसमध्ये सामाजिक प्रवर्गाचे चारच खाने आहेत: सामान्य, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग. महाराष्ट्रात मात्र विमुक्त जाती, भटक्या जमाती ब, क, ड आणि विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे भाग आहेत. चार खान्यांच्या तक्त्यात यांतली बहुतेक मुलं 'इतर मागासवर्गा'त जमा होतात. परिणामी तांड्यावरची बंजारा मुलं आणि गावठाणातली कुणबी मुलं एकाच रकान्यात दिसतात, जरी एकाच्या घरी गोरमाटी बोलली जात असेल आणि दुसऱ्याच्या घरी मराठी. शिकण्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. शाळेकडच्या नोंदीत मूळ प्रवर्ग असतो. वाचायचा तर तो वाचावा.

प्रवर्गाची नोंद हक्काच्या लाभांसाठी लागते: शिष्यवृत्ती, उपस्थिती भत्ता, गणवेश. म्हणून ती बिनचूक हवीच. पण 'या प्रवर्गाची मुलं मागे असतात' असं वाचन त्यातून करणं निव्वळ चूक आहे. प्रवर्गाआड दुसऱ्या गोष्टी दडलेल्या असतात: घरातली भाषा, आईचं शिक्षण, स्थलांतर, धाकट्या भावंडाला सांभाळायची पाळी, शाळेपासूनचं अंतर. यांतल्या बऱ्याच गोष्टी कुठल्याच तक्त्यात येत नाहीत, वर्गशिक्षकाला मात्र पाठ असतात. त्यासाठी एक कागद घ्या. मुलाचं नाव नको, हजेरी क्रमांक पुरे. पुढे घरची भाषा, बालवाडी किंवा अंगणवाडीत गेलं होतं का, गेल्या वर्षी सलग महिनाभर बाहेरगावी होतं का आणि वय, एवढे चार रकाने. पहिलीत प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. हे धरून चौथीतलं मूल साधारण नऊ वर्षांचं असतं. तिथे कोणी बारा वर्षांचं असेल, तर त्याचं शिक्षण मध्ये कुठेतरी तुटलेलं आहे. ते का तुटलं, हे शोधायला हवं.

गुणांकडे वळू. प्रगतिपत्रकावरची श्रेणी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातून येते. ही पद्धत २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आली. तिच्यात पहिली-दुसरीला शंभरपैकी ७० गुण आकारिक आणि ३० संकलित, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिक म्हणजे वर्षभरातलं निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय वगैरे, जे वर्गशिक्षक स्वतः नोंदवतो. संकलित म्हणजे सत्राअखेरची चाचणी. हेतू चांगला आहे: लहान मुलाला तीन तासांच्या पेपरवरून जोखू नये. पण याच कारणामुळे एका शाळेचा 'अ-२' आणि दुसऱ्या शाळेचा 'अ-२' एका तराजूत तोलता येत नाही. ९१ आणि त्यावर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१ अशी ही उतरंड आहे. वर्गातली सगळी मुलं अ-१ आणि अ-२ मध्येच असतील, तर ती श्रेणी काहीही सांगत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार समग्र प्रगतिपत्रकाकडे वाटचाल सुरू आहे, पण शाळाशाळांची तुलना करताना हीच अडचण तिथेही राहणार.

तुलनेला त्यातल्या त्यात बरी म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी, बोलीभाषेत 'पॅट'. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांची पायाभूत चाचणी, मग संकलित एक आणि संकलित दोन. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असते आणि गुण चॅटबॉटवर भरले जातात. तिच्या मर्यादा दोन. पेपर वर्गशिक्षकच तपासतो आणि तीनही चाचण्यांची काठिण्यपातळी सारखी नसते. पायाभूत चाचणीत मागच्या इयत्तेचा अभ्यास असतो. म्हणून पायाभूतमध्ये ६२ आणि संकलित दोनमध्ये ५७ म्हणजे वर्ग घसरला, असं नव्हे. त्याच काळात केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, सरासरी ६० वरून ५० वर आली असेल, तर तुमचा वर्ग उलट पुढे गेला आहे. केंद्रप्रमुखांकडून केंद्राची सरासरी घेतल्याशिवाय स्वतःच्या शाळेच्या गुणांवर मत देऊ नये.

सरासरीआधी किती मुलं परीक्षेला बसली, ते पाहा. वर्गात १८ मुलं, चाचणीला १३ हजर, सरासरी ६४. गैरहजर पाच जण कोण? ती बहुधा अनियमित येणारी, म्हणजे मागे असलेलीच मुलं असतात. त्या पाचांना नंतर बसवलं आणि त्यांना सरासरी ३० मिळाले, तर पूर्ण वर्गाची सरासरी ५४.६ होते. शिष्यवृत्ती परीक्षेचंही असंच. 'आमची सहाही मुलं पात्र ठरली' हे वाचताना वर्गात एकूण मुलं किती होती, ते विचारावं. सहा निवडून बसवली, तर ते त्या सहा मुलांचं आणि त्यांच्या शिक्षकांचं यश आहे, पण शाळेच्या पातळीचं माप नव्हे.

लहान वर्गात टक्केवारी पूर्ण फसवी असते. तिसरीत पाच मुलं असतील, तर एक मूल म्हणजे २० टक्के. गेल्या वर्षी पाचपैकी चार वाचत होती, यंदा पाचपैकी तीन. 'वाचन ८० टक्क्यांवरून ६० वर' हे वाक्य वाचून सभेत गोंधळ होईल, पण घडलं एवढंच की एक मूल कमी वाचतंय, आणि तेही वेगळ्याच तुकडीतलं. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या हजारो शाळा आहेत. तिथे टक्के काढूच नयेत, मुलं मोजावीत. आमच्या मते वर्गात वीसपेक्षा कमी मुलं असतील, तर टक्क्याचं चिन्ह कागदावर येताच कामा नये.

आता या सगळ्या प्रकरणाचा गाभा. नंदुरबारच्या धडगाव किंवा अक्कलकुवा भागातल्या दोन शाळा डोळ्यांसमोर आणा. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. बाजारपेठेच्या गावातल्या पहिल्या शाळेत ४० मुलं: ३२ जणांच्या घरी मराठी, ८ जणांच्या घरी पावरी ही आदिवासी भाषा. मराठी घरातल्या मुलांची सरासरी ६०, पावरी घरातल्या मुलांची ४०. एकूण सरासरी ५६. पाड्यावरच्या दुसऱ्या शाळेतही ४० मुलं: १० मराठी घरातली, सरासरी ६६; ३० पावरी घरातली, सरासरी ४६. एकूण ५१. तालुक्याच्या यादीत पहिली शाळा पाच गुणांनी वर. पण मराठी बोलणारं मूल असो की पावरी बोलणारं, दोघंही दुसऱ्या शाळेत सहा गुण जास्त मिळवतात. दोन्ही गटांत सरस असलेली शाळा एकूणात मागे दिसते, केवळ वर्गात कोण किती आहे यामुळे. सरासरीवर शाळांच्या याद्या लावणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावं. पाड्यावरच्या बाईंना 'निकाल कमी का?' म्हणून नोटीस देण्यात आणि पेठेतल्या शाळेचा सत्कार करण्यात किती अर्थ उरतो, ते कळेल.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे यंदाच्या चौथीची गेल्या वर्षीच्या चौथीशी तुलना. ती मुलंच वेगळी असतात. तुलना करायची तर यंदाची चौथी आणि हीच मुलं गेल्या वर्षी तिसरीत असतानाचे गुण यांची. त्यातही मध्येच दाखला नेलेली आणि नव्याने आलेली मुलं बाजूला काढावीत. शाळा कोण सोडतं, यातही एक ठरावीक कल दिसतो. ज्यांच्या घरी फी भरायची ऐपत आली, ते मुलाला इंग्रजी माध्यमात घालतात. बऱ्या घरातली चार मुलं गेली की सरासरी खाली येते, जरी शिकवण्यात तसूभरही फरक पडलेला नसला. उलटही घडतं. 'असर' या घरोघरी जाऊन होणाऱ्या शैक्षणिक सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयोगटातल्या मुलांपैकी सरकारी शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होतं. ते २०२२ मध्ये ७२.९ झालं आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आलं. कोविडच्या काळात रोजगार गेले आणि छोट्या खासगी शाळा बंद पडल्या, तेव्हा पट वाढला. परिस्थिती सावरल्यावर तो उतरला. या चढ-उतारात शिक्षकांच्या कामाचा वाटा फारसा नव्हता.

असर असो किंवा ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांत झालेलं परख राष्ट्रीय सर्वेक्षण असो, दोन्ही नमुना पाहण्या आहेत. असर जिल्ह्यातली ३० गावं आणि दर गावातली २० घरं घेते, तीही घरी जाऊन. परखने देशभरातल्या ७४ हजारांवर शाळा घेतल्या. त्यांतून जिल्ह्याचं चित्र दिसतं, तुमच्या वाडीच्या शाळेचं नव्हे. 'आपला जिल्हा परखमध्ये मागे आला, म्हणजे आपली शाळा वाईट' हा तर्क टिकत नाही.

आणि खासगी शाळा? त्यांची सरासरी वरची दिसते, कारण तिथे येणारी मुलंच वेगळ्या घरांतली असतात. याची नीट तपासणी आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केली. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेची फी मिळेल अशी सोय केली आणि चार वर्षं त्यांचा मागोवा घेतला. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तेलुगू आणि गणितात चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांत फरक आढळला नाही. खासगी शाळांत शिकवली जाणारी हिंदी मात्र त्यांना जास्त आली. दर मुलामागे खासगी शाळांचा खर्च सरकारीपेक्षा बराच कमी होता, हेही त्याच अभ्यासात आहे. दोन्ही बाजूंनी आपल्या सोयीचं तेवढं उचलू नये.

कागदांवर विश्वास बसत नसेल, तर समितीने शिक्षकांसोबत वाचनाची साधी पडताळणी करावी. मुलामागे पाच मिनिटं लागतात. असरच्या पद्धतीने पाच पायऱ्या: प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. आधी परिच्छेद द्यायचा. मूल तो अडखळत, तुकड्या-तुकड्यांनी न वाचता वाक्य म्हणून वाचत असेल आणि तीनपेक्षा जास्त चुका करत नसेल, तर गोष्ट द्या. परिच्छेदच जमत नसेल, तर शब्द द्या. पाचपैकी चार बरोबर आले तर मूल शब्द पातळीवर. नाहीतर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. गणितात हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं.

इथे चुका ठरलेल्या असतात. पाठ्यपुस्तकातला धडा दिला की मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतं आणि बोट भलत्याच ओळीवर असतं. म्हणून मजकूर नवा हवा. सगळ्या वर्गासमोर वाचायला लावलं की वाचता येणारं मूलही बोबडी वळल्यासारखं वाचतं. तपासणाऱ्याने पहिल्याच चुकीला टोकलं की मूल पुढे जातच नाही. मराठीत बहुतेक गाडी जोडाक्षरांवर अडते: शब्द पातळीवरचं मूल 'घर', 'बदक' सहज वाचतं आणि 'रस्ता', 'गोष्ट' आला की थांबतं. हे टिपून ठेवलं, तर शिक्षकाला थेट उपयोगी पडतं.

समजा तिसरीत १४ मुलं आहेत आणि निघालं असं: गोष्ट ४, परिच्छेद ३, शब्द ४, अक्षर २, प्रारंभिक १. यावरून कामाची वाटणीच हाती येते. शब्द आणि त्याखालची सात मुलं रोज पाऊण तास वेगळी घ्यायची, पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून. हीच पडताळणी जुलैत, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि मार्चअखेर करायची. ऊसतोडीच्या गावात टोळ्या परतल्यावर चौथ्यांदा. प्रत्येक वेळी तोच हजेरी क्रमांक, तोच रकाना, म्हणजे एकच मूल कुठून कुठे गेलं ते एका ओळीत दिसतं.

हा कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पातळीनिहाय बेरीज टाकायला हरकत नाही. नाव आणि प्रवर्गासह यादी मात्र कधीही टाकू नये. दहा-बारा मुलांच्या वर्गात तर 'अनुसूचित जमाती: १, पातळी: प्रारंभिक' असं लिहिलं, तरी ते मूल कोणाचं, हे सगळ्या गावाला कळतं. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी मुलं असतील, तर त्या गटाची ओळ बाहेर जाणाऱ्या कागदावर छापूच नये.